एक्केचाळीस बाळासाहेब

आमच्या संकलन केंद्रावर 312 जण दूध घालतात. त्यांत 41 बाळासाहेब आहेत. उरलेल्यांत भाऊसाहेब, रावसाहेब, अण्णासाहेब आणि दादासाहेब. नगर जिल्ह्यात माणूस पाळण्यातच साहेब होतो, त्यामुळे पुढे नोकरी लागली नाही तरी फारसं अडत नाही.

आमच्या दिवाणजींना या 41 जणांचा कधी त्रास झाला नाही. चारीवरचे बाळासाहेब, बंगल्यावरचे बाळासाहेब (बंगला पाडून दहा वर्षं झाली), मिशीवाले बाळासाहेब आणि मिशीवाल्यांचे मेहुणे बाळासाहेब, अशी त्यांची सगळी व्यवस्था डोक्यात चोख बसलेली. त्रास सुरू झाला तो माझा पुतण्या दिवाळीला हिंजवडीहून घरी आला तेव्हा.

"तात्या, आपला सगळा डेटा सायलोमध्ये आहे," फराळाच्या ताटावर बसल्या बसल्या त्यानं सांगितलं.

सायलो म्हणजे मुरघासाची टाकी, एवढं मला ठाऊक होतं. मुरत असेल तर मुरू दे, गाई आवडीनं खातील, असं मी म्हणालो. त्यानं कपाळाला हात लावला. त्याचं म्हणणं असं, की दुधाचं माप संकलनाच्या मशीनमध्ये, पैशांचा हिशेब टॅलीत, पेंडीची उधारी लाल वहीत, टँकरच्या वजनकाट्याच्या पावत्या ड्रायव्हरच्या मोबाइलमध्ये (त्याच्या मुलीच्या वाढदिवसाच्या फोटोंच्या मधे मधे) आणि या सगळ्यांचा एकमेकांशी काय संबंध ते दिवाणजींच्या डोक्यात. हे सगळं क्लाउडवर एका ठिकाणी आणायचं आणि वर एआय बसवायचा. "बारामतीत उसाला एआय लावलाय, तात्या!"

ते मीही वाचलं होतं. तिथल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाला बरोबर घेऊन उपग्रह, हवामान आणि जमिनीतले सेन्सर यांची माहिती एकत्र केली, आणि सत्या नाडेलांनी त्याची दखलही घेतली. बारामतीला झालं म्हटल्यावर नगर जिल्ह्यातल्या माणसाला आणखी कारण लागत नाही. मी हो म्हणालो.

पुतण्यानं चार नावं आणली: स्नोफ्लेक, डेटाब्रिक्स, मायक्रोसॉफ्ट फॅब्रिक आणि गुगलचं बिगक्वेरी. या चौघांची तुलना त्यानं एक्सेलमध्ये केली होती. एक्सेलमधून बाहेर पडण्यासाठी काय घ्यावं हे एक्सेलला विचारायचं, असा एकूण प्रकार. दिवाणजींनी चष्मा पुसून चारही नावांचे अर्थ लावून घेतले. बर्फ, विटा, कापड आणि मोठी चौकशी.

"बर्फ घ्या," ते म्हणाले. "उन्हाळ्यात लाईट गेली तर चिलिंगला उपयोगी पडंल. विटांचं काय ते बघू. कापडाला नगरचा कापडबाजार हाय. पण चौकशी नको. त्र्याऐंशीची एक पाह्यलीय म्या."

सहकाराच्या जिल्ह्यात राहणाऱ्याला त्र्याऐंशी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. इतरांसाठी: सहकारी संस्थांच्या कायद्यातलं चौकशीचं कलम. ते लागलं की भल्याभल्यांची साखर उतरते. दिवाणजी ऐन तरुणपणी एका पतसंस्थेत होते, आणि त्यांनी काहीही केलेलं नसताना तीन वर्षं कागद पुरवले. त्यामुळे बिगक्वेरी नावावरच मागे पडलं. तांत्रिक निकषांवर बाद झालं असतं तर मला इतकं वाईट वाटलं नसतं.

पुढचे पंधरा दिवस पुतण्यानं माझी शिकवणी घेतली. गोदामात माल पोत्यांत भरून, मोजून, थप्पीला लावलेला असतो, तसं डेटा वेअरहाऊस. डेटा लेक म्हणजे शेततळं. पाऊस, पाटाचं, बोअरचं, येईल ते पाणी आत सोडायचं आणि गाळायचं नंतर. आणि हल्ली सगळे विकतात ते लेकहाऊस, म्हणजे दोन्हींचा संकर. हे मात्र मला चटकन समजलं. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं होल्स्टिन, जर्सी आणि गीर एकत्र करून फुले त्रिवेणी काढली. दूध विलायती आणि उन्हातान्हात टिकायची ताकद देशी, असा हिशेब. संकर म्हणजे दोघांचे गुण येतील अशी आशा धरायची आणि दोघांच्या खोडी येणार नाहीत याची देवाला प्रार्थना करायची. "लाथ मारते का?" मी विचारलं. पुतण्या म्हणाला, बिलात मारते.

बिलाचं शास्त्र तर फारच मनोरंजक निघालं. स्नोफ्लेकमध्ये हिशेब करणारं यंत्र शर्टाच्या मापात मिळतं: एक्स-स्मॉल, स्मॉल, मीडियम आणि वर. माप एक पायरी वाढलं की दर दुप्पट. मीटर सेकंदावर चालतो, पण एकदा बटण दाबलं की निदान एका मिनिटाचे पैसे. बिगक्वेरीची तऱ्हा वेगळी: किती माहिती चाळली त्यावर आकार. दहाच ओळी दाखव म्हटलं तरी सगळा तक्ता चाळून त्यातल्या दहा दाखवणार आणि पैसे सगळ्या तक्त्याचे. म्हणजे कापडबाजारात एक साडी घ्यायची, पण दुकानदारानं गादीवर पसरलेल्या दोनशे साड्यांच्या घड्या मोडल्याचे पैसे द्यायचे. आमच्या सौ. हे ऐकून म्हणाल्या, "मग मला परवडायचं नाही." पण गुगल दर महिन्याला पहिलं एक टेराबाइट फुकट चाळून देतं. आमचा 11 वर्षांचा, सकाळ-संध्याकाळचा सगळा हिशेब म्हणजे सुमारे 25 लाख ओळी. तो दिवाणजींच्या किल्ल्यांच्या जुडग्यातल्या पेनड्राइव्हवर मावतो आणि वर नातवाचे चार सिनेमेही. महिन्यात तीन हजार वेळा चाळला तरी फुकटातच.

हे मी विक्रेत्यांपैकी एकाला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. तो हसला नाही. "आपल्याला सत्याचा एकच स्रोत हवा, सर," तो इंग्रजीत म्हणाला. पुतण्यानं मराठीत सांगताच दिवाणजींनी हात जोडले. नेवाशाच्या मंदिरातल्या पैस खांबाचा विषय निघालाय असं त्यांना वाटलं होतं.

मग चाचणी. कोणाची, ते सांगत नाही. पुतण्यानं डेटा चढवला, यंत्र चालू केलं आणि शुक्रवारी पुण्याला गेला. काम संपलं की यंत्रानं आपोआप झोपायचं अशी सोय असते. किती वेळानं झोपायचं हे आपण सांगायचं, आणि ते सांगायचं राहिलं. आमच्याकडे विहिरीवरच्या मोटारीला ऑटो स्विच असतो. रात्री दोनला लाईट आली की मोटार आपली आपण सुरू होते, आणि सकाळी शेजाऱ्याच्या कांद्यात तळं झालेलं असतं. इथे तसंच झालं, फक्त कांदा माझा होता. पुतण्यानं बिल डॉलरमध्ये वाचलं. दिवाणजींनी ते कालवडीत करून घेतलं: एक चांगली, दाखल्याची.

पण खरी गंमत डॅशबोर्डवर होती. रोज केंद्रावरून 2000 दूध निघायचं आणि प्लांटवर 2060 पोचायचं. वाटेत तीन टक्के वाढ! एआयनं हिरवा बाण काढून टँकरच्या मार्गाचं कौतुक केलं होतं आणि हीच कार्यपद्धती इतर ठिकाणी राबवावी असं सुचवलं होतं. ड्रायव्हर घाबरून म्हणाला, "तात्या, आईशप्पथ म्या पाणी घातलं न्हाई." केंद्रावर आम्ही लिटर मोजतो आणि वजनकाट्यावर किलो. एक लिटर दूध साधारण 1.03 किलो भरतं. ते दिवाणजींना ठाऊक होतं. ते कुठल्याच तक्त्यात नव्हतं.

मग लिटर धरायचं की किलो, यावर आमच्या घरात दोन महिने गेले. उत्पादकांना लिटर हवं, प्लांटला किलो, आणि टॅलीत दोन्ही, महिन्यागणिक मूड बदलेल तसं. त्या दिवसांत मला सारखं हिवरे बाजार आठवे. तिथे पाऊस मोजतात, विहिरींची पातळी बघतात आणि ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी पिण्याचं, जनावरांचं, मग शेतीचं, आणि पाऊस कमी असेल तर रब्बीला काय घ्यायचं नाही ते ठरतं. ऊस नाही, केळी नाही, शेतीसाठी बोअर नाही. तिथल्या पोपटराव पवारांचं कौतुक करणारे बहुतेक जण झाडं आणि बंधारे बघून येतात. मला नवल वाटतं ते फळ्यावरच्या आकड्याचं. ज्याच्या विहिरीला भरपूर पाणी आहे तोही तो आकडा मानतो. आमच्याकडे दोन सख्खे भाऊ एका वजनकाट्याला मानत नाहीत.

शेवटी दिवाणजींनीच तोडगा काढला: दोन रकाने, एकात लिटर, एकात किलो, आणि वर ठळक अक्षरांत लिहायचं कुठला कुठला ते. पुतण्या म्हणाला, याला सिमँटिक लेयर म्हणतात. दिवाणजी म्हणाले, म्हणा.

बाळासाहेबांचंही तसंच झालं. एआयनं 41 पैकी 17 जणांना एकच माणूस ठरवून त्यांच्या दहा दिवसांच्या दुधाचा पगार एका खात्यावर प्रस्तावित केला. मिशीवाले फारच खूश झाले, कारण खातं त्यांचं होतं. मग दिवाणजी आणि पुतण्या सलग तीन रात्री बसले आणि प्रत्येकाच्या नावापुढे "ओळख" असा रकाना भरला. चारीवरचा. बंगल्यावरचा. मेहुणा. जगातल्या कुठल्याही प्लॅटफॉर्मवर 'बंगला पाडून दहा वर्षं झाली' अशी नोंद असलेला तक्ता आमचाच असावा.

एकदा मीच एआयला विचारलं, परवा दूध चारशे लिटरनं का घटलं? त्यानं तापमान, चारा आणि हंगाम यांवर दोन पानं लिहिली. दिवाणजी वाचून म्हणाले, "गावात सप्ता हाय. चहाला गेलं." आता सप्त्यांचाही तक्ता आहे.

प्लॅटफॉर्म आम्ही घेतला. चारांतला कुठला ते लिहीत नाही, कारण बाकीच्या तिघांचे फोन अजून येतात. निकष एकच लावला: ज्याचं बिल दिवाणजी कुणाला न विचारता वाचू शकले, तो.

खातं उघडताना शेवटच्या पानावर पत्ता भरायचा होता. जीएसटीच्या दाखल्यावर अहमदनगर. 2024च्या ऑक्टोबरमध्ये शासनानं जिल्ह्याचं नाव बदललं, त्यामुळे बँकेत अहिल्यानगर. आमच्या तक्त्यात दोन्ही, शिवाय नुसतं नगर. पुतण्यानं एक नाव टाकलं, फॉर्म लाल झाला. दुसरं टाकलं, तरी लाल.

दिवाणजी संध्याकाळच्या मापाला उठत होते. जाता जाता पडद्यात डोकावले.

"अ.नगर लिहा," ते म्हणाले. "म्या तीस वर्षं तेच लिव्हतोय. वहीत काहीच बदलावं लागलं न्हाई."

लिहिलं. घेतलं.