'टर्बो गया भाऊ' मंडळास खुले पत्र

प्रति,
समस्त वाहनवैद्य, चहाच्या टपरीवरचे कायम सल्लागार
आणि 'टर्बो गया भाऊ' मंडळाचे सन्माननीय सभासद,
अक्कलकुवा, जि. नंदुरबार

विषय : बॉनेट न उघडता केलेल्या निदानाबद्दल आभार.

महोदय,

माझी जुनी टर्बो डिझेल गाडी मोलगीच्या रस्त्याला लागली की देवगोई घाटात पिकअप सोडते, मागे काळा धूर ओढत नेते आणि डिझेलचा काटा डोळ्यांदेखत खाली आणते. ही बातमी माझ्याआधी आपल्यापर्यंत पोचली. मी टपरीवर येऊन बसेपर्यंत निकाल तयार होता. दोन्ही हात पाठीमागे बांधून, गाडीपासून चार पावलं दूर उभं राहून आपल्या ज्येष्ठ सभासदांनी तो जाहीर केला : "टर्बो गया भाऊ." त्यांनी गाडीला बोटही लावलं नाही. एवढी सोवळी तपासणी मी आजवर पाहिली नव्हती.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, उगाच तिला उचक्या लागायच्या. गाडीच्या पाटीवर एमएच 39 आहे आणि पंधरा वर्षं उलटल्यामुळे पर्यावरण कर भरून तिने पुढची मुदत मिळवली आहे, एवढी ओळख पुरे.

मंडळात मतभेदांनाही जागा आहे, ही आपली लोकशाही. एक काका म्हणाले, इंजेक्टर गेले, चारही बदल. मोबाइलवर व्हिडिओ पाहून तयार झालेला एक तरुण सभासद म्हणाला, डीपीएफ जाम झालाय, उघडून धुऊन घे. मी सबंध गाडीखाली सरपटलो, पण डीपीएफ काही दिसला नाही. दिसणार कुठून? धुराची काजळी अडवणारी ही जाळी आपल्याकडच्या डिझेल गाड्यांत सर्रास आली ती 1 एप्रिल 2020 पासून, बीएस-6 लागू झालं तेव्हा. माझी गाडी त्याच्या पुष्कळ आधीची. नसलेला अवयव निकामी झाल्याचं ओळखायला दृष्टी लागते, ती त्या मुलाकडे आहे. तिसरे म्हणाले, इकडचं डिझेल भरू नको, सागबाऱ्याला जाऊन भर. गुजरातेत पेट्रोल स्वस्त पडतं म्हणून सीमेपलीकडे जाणारे आपल्याकडे थोडे नाहीत आणि त्यांचा हिशेब बरोबरही आहे. पण पंपावरचा दर उतरला म्हणून गाडीचं अ‍ॅव्हरेज कसं चढेल, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. चौथ्यांनी फक्त "विकून टाक" म्हटलं आणि गिऱ्हाईक म्हणून स्वतःच्या मेहुण्याचं नाव सुचवलं.

आणखी एक मत आलं : डोंगरात हवा विरळ, गाडीला दम लागणारच. हे मात्र अर्धं खरं आहे म्हणून जास्त घातक. उंची वाढली की साध्या इंजिनाची ताकद घटते, दर हजार मीटरला साधारण दहा टक्के. तोरणमाळच्या उंचीवर साधं इंजिन तेवढं हरलेलं असतं. पण टर्बो जन्माला आला आहे तो नेमकी ही तूट भरून काढायला. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. इंजिनातून फुकट जाणाऱ्या गरम धुरावर एक चाक फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने ताजी हवा दाबून इंजिनात कोंबायची, एवढीच ती कल्पना. 1918 मध्ये सॅनफर्ड मॉस यांनी अमेरिकेत पाइक्स पीक या 14 हजार फुटांहून उंच डोंगरावर विमानाचं इंजिन चढवलं आणि टर्बो लावून तिथे चालवून पाहिलं. विरळ हवेत हरवलेली ताकद परत मिळाली. मॉस यांना एवढा खटाटोप करावा लागला, कारण त्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी आपलं मंडळ नव्हतं. देवगोईचा चढ त्या मानाने किरकोळ. तिथे टर्बोवाली गाडी उंचीमुळे धापा टाकत नाही. टाकत असेल, तर कारण दुसरं आहे.

आता आपल्या आवडत्या आरोपीविषयी. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि तेही तेलाच्या पातळ थरावर तरंगत. त्याची मागणी एकच असते : तेल. धनत्रयोदशीच्या सुमाराला तळोद्याहून अस्तंभ्याच्या यात्रेला निघणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, कपाळीच्या जखमेसाठी तेल मागत फिरणारा अश्वत्थामा आपल्याच सातपुड्यातला. फरक इतकाच, की अश्वत्थामा चिरंजीव आहे. टर्बोला वेळेवर चांगलं तेल मिळालं नाही, किंवा घाट चढून आल्या आल्या लालबुंद अवस्थेत किल्ली फिरवून त्याचं तेल तोडलं, तर आतलं तेल जळून कोळसा होतो आणि मग तो खरंच जातो. गेल्याच्या खुणाही तो सोडतो : निळा धूर, तेलाची कमी होत जाणारी पातळी, सायरनसारखा चढत जाणारा आवाज. माझ्या गाडीला यातलं काहीही नव्हतं. धूर काळा होता. निळा धूर म्हणजे तेल जळतंय, काळा म्हणजे डिझेलला हवा पुरत नाही. मंडळाने धूर पाहिला होता, रंग पाहायचा राहून गेला असावा.

अखेर मी आपला अवमान केला आणि खापरच्या रस्त्यावरच्या एका पोरगेल्या मिस्त्रीकडे गेलो. त्याचं वागणं सुरुवातीपासूनच संशयास्पद. त्याने निकाल द्यायच्या ऐवजी प्रश्न विचारायला सुरुवात केली. कधीपासून? सपाटीवर की फक्त चढाला? हळूहळू की एका दिवसात? शिट्टीसारखा आवाज येतो का? त्याच्या आधी कुणी काही उघडलं होतं का? मग तो गाडी घेऊन फिरून आला आणि एकेका चाकाजवळ तळहात धरून पाहिला. ब्रेक चिकटून राहत असेल तर ते चाक तापतं, आणि मालक टर्बोच्या नावाने बोटं मोडत बसतो. चाकं थंड निघाली. हवा दोन टायरांत कमी होती, ती भरली. एअर फिल्टर झटकला, तर मोलगी रस्त्याचा एखादा मैल त्यातून बाहेर पडला. मग त्याने टर्बोचा पाइप काढून आतला दांडा बोटांनी हलवून पाहिला. बाजूला किंचित हलला, मागेपुढे अजिबात नाही, पाती घासल्याची खूणही नाही. "हा चांगलाय," म्हणाला आणि पाइप परत बसवला. एवढा मोठा आरोपी असा अर्ध्या मिनिटात निर्दोष सुटलेला पाहून आपल्या वतीने मलाच वाईट वाटलं.

पुढे त्याने स्कॅनर लावला. इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली चालू केली की दाबाच्या सेन्सरने बाहेरच्या हवेचा दाब दाखवला पाहिजे, आपल्याकडे शंभर किलोपास्कलच्या आसपास. तो बरोबर दाखवत होता, म्हणजे सेन्सर खोटं बोलत नव्हता. मग भार टाकून चढाला गाडी घेतली, तेव्हा संगणक मागत होता 200 आणि मिळत होते कसेबसे 130. हवा वाटेत कुठेतरी पळत होती.

कुठे, ते जागेवर उभ्या गाडीत दिसत नाही, आणि मंडळासाठी हा मुद्दा मी जरा सविस्तर लिहितो. इंजिन नुसतं गुरगुरत असताना टर्बो फारसा दाब तयारच करत नाही. त्यामुळे फाटलेला पाइपही सज्जनासारखा मिटून बसतो. पोराने हवेच्या वाटेचं तोंड बंद केलं, त्याला टायरचा वॉल्व्ह बसवला, कॉम्प्रेसरने बेताची हवा सोडली आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारलं. दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी पाइपच्या खालच्या वळणावर फेस उठला. चीर अशा जागी, की वरून कितीही वाकून पाहा, दिसणार नाही. त्या जागी तेलकट धूळ मात्र जमली होती.

आता अ‍ॅव्हरेज का पडलं ते ऐका. एक लिटर डिझेल नीट जळायला जवळजवळ दहा हजार लिटर हवा लागते. माझ्या गाडीत हवा मोजणारा सेन्सर एअर फिल्टरच्या तोंडाशी बसतो, म्हणजे चिरेच्या कितीतरी आधी. तिथे मोजलेली हवा पुढे अर्ध्या वाटेत निसटते. मस्टरवर वीस मजूर आणि बांधावर बारा, पण भाकरी विसांच्या, असा तो रोजगार हमीचा कारभार. संगणक मस्टर पाहून डिझेल सोडतो, हवा कमी पडते, उरलेलं डिझेल काजळी होऊन मागच्या मोटरसायकलवाल्याच्या तोंडावर जातं. वर ताकद नाही म्हणून माझा पाय आणखी खाली.

पाइप बदलला. ताकद परत आली, पण पूर्ण नाही. इथे मंडळाच्या आशा पल्लवित झाल्या असतील, पण दुसरा गुन्हेगार निघाला ईजीआर व्हॉल्व्ह. वापरलेला धूर थोडा परत इंजिनात सोडणारी ही झडप काजळीने अर्धी उघडी अडकली होती आणि चढावर, जेव्हा ताज्या हवेची खरी गरज, तेव्हा इंजिनाला उष्टी हवा पाजत होती. ती साफ केली. डिझेल फिल्टरही बदलला, तळाशी पाणी होतं. सगळं मिळून बिल, आपण सुचवलेल्या जुन्या बाजारातल्या टर्बोच्या बयाण्याइतकंही झालं नाही.

मंडळाने दिलेला आणखी एक सल्ला मी अजून पाळलेला नाही : उतारावर इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये गाडी सोडायची, म्हणजे डिझेल वाचतं. माझ्या गाडीत, गिअरमध्ये असताना पाय काढला की संगणक डिझेल तोडतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवलं तर उलट थोडं जळतं. आणि इंजिनच बंद केलं तर ब्रेकची व्हॅक्यूमची मदत दोन-तीन दाबांत संपते. देवगोईच्या वळणावर हा शोध लावायची माझी इच्छा नाही. हे वाचलेलं डिझेल शेवटी वारसांनाच उपयोगी पडायचं.

शिवाय एक विनंती आमच्या जीपवाल्या बंधूंसाठी. आत कोंबलेले प्रवासी, टपावर आमचूरची पोती, मागे शिडीला लटकलेले चार जण, होळीच्या दिवसांत काठी गावाला जाताना त्याहून जास्त, आणि मग "गाडी चढत नाही, टर्बो पाहून घे." ब्यूखी साहेबांनी पेटंट घेताना एवढा भार गृहीत धरला नसावा.

एक काम अजून उरलं आहे. पुढच्या डाव्या चाकातून वळताना कट-कट असा आवाज येतो. त्यासाठी मंडळाकडून मोहोरबंद निविदा मागवण्यात येत आहेत. अर्जदाराने निदानापूर्वी निदान एकदा तरी वाकून चाक पाहिल्याचा, साक्षीदाराच्या सहीचा दाखला जोडावा. चहा ज्याचा त्याने आणावा. मेहुण्यांचे अर्ज स्वीकारले जाणार नाहीत.

कळावे,
आपला,
एक गाडीवाला