विकतचा गंज

मीरा रोडच्या नया नगरात गंजाला काही कमी नाही. भाईंदरची मिठागरं जवळ, खाडी जवळ. खारी हवा माणसांच्या आधी खिडक्यांच्या ग्रिलला भेटते. पावसाळ्यात त्या ग्रिलखाली भिंतीवर तांबूस ओघळ उतरतात आणि सोसायट्या वर्गणी काढून ते रंगाखाली दडवतात. अशा वस्तीत राहणारे एक गृहस्थ पैसे मोजून बाटलीतला गंज मागवतात, हे त्यांच्या घरच्यांना अजून पचलेलं नाही.

गृहस्थांना मॉडेल्स रंगवायचा नाद. सध्या हातात १:४३ प्रमाणातली काळी-पिवळी रिक्षा आहे. रंगवून झाली तेव्हा ती घोड्यावर बसलेल्या नवरदेवासारखी दिसत होती, आणि दुःख तेच होतं. मीरा रोडला अशी रिक्षा कोणी पाहिली आहे?

म्हणून वेदरिंग, म्हणजे नवं मॉडेल मुद्दाम जुनं, झिजलेलं दाखवणं. आधी अंगभर गंजाचा तपकिरी, त्यावर वार्निश, मग हेअरस्प्रेचे दोन हात आणि सर्वांत वर पिवळा ॲक्रिलिक. तो वाळला की जरा ओला करून जुन्या टूथब्रशने हलकेच घासायचा. पाण्याने हेअरस्प्रे विरघळतो, पिवळ्याचे पोपडे सुटतात, खालचा गंज डोकावतो. हेअरस्प्रे घरात कोणाचा, याबद्दल तंत्र काही सांगत नाही. खडेमिठाचीही एक पद्धत आहे: ओलसर गंजावर मीठ भुरभुरवायचं, वरून रंग फवारायचा, वाळल्यावर मीठ झाडायचं. जिथे खडा होता तिथे टवका. ग्रिलवर हेच काम मीठ फुकटात करतं, फक्त सावकाश.

खरी कसोटी हात आवरण्यात. या प्रमाणात एक मिलिमीटरचा टवका म्हणजे खऱ्या रिक्षावर ४.३ सेंटिमीटर, असे दहा-बारा झाले की रिक्षा दंगलीतून आल्यासारखी वाटते. म्हणून भांड्यांच्या घासणीचा फाटका तुकडा रंगात बुडवायचा, जवळजवळ सगळा रंग कागदावर पुसायचा आणि उरलेला टेकवायचा. १९७७च्या ‘स्टार वॉर्स’मधली यानंही मुद्दाम मळवलेली होती. अवकाशातही कोणी गाडी धूत नाही, हे प्रेक्षकांना लगेच पटलं.

ओघळ कसे उतरतात हे पाहायला गृहस्थ इमारतीच्या मागच्या भिंतीचे फोटो काढत हिंडले. सेक्रेटरींना वाटलं, महापालिकेत तक्रार जाणार. गृहस्थ म्हणाले, “छे हो, फार सुंदर गळतंय.” त्या दिवसापासून सेक्रेटरी त्यांच्याशी जपून बोलतात.

जुलैत मात्र सगळं ठप्प. दमट हवेत फवारलेलं वार्निश दुधाळ होतं, आणि रिक्षाला गंजाऐवजी बुरशी आल्यासारखं दिसतं.

शेवटी पाऊस ओसरल्यावर रिक्षा तयार झाली. गृहस्थांनी ती गल्लीतल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्या चाचांना दाखवली. चाचांनी चष्मा वर सरकवून ती उलटी केली.

“छत पे इतना जंग? रिक्षा ऊपर से नहीं सड़ती, साहब. मॅट के नीचे पानी बैठता है, फर्श पहले जाता है.”

“मग काय करू?”

“फर्श गलाओ,” चाचा म्हणाले, “और छत मेरे पास छोड़ जाओ, नया कर देता हूँ. ऐसे तो पासिंग नहीं होगी.”