गवताचं भाडं कोण देणार?

सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्रफळ ८,४९६ चौरस किलोमीटर. त्या हद्दीत गावं आली, बाजारपेठा आल्या, बागायती आल्या आणि हजारो शेतकऱ्यांचे सातबारे आले. सरकारनं ही जमीन विकत घेतली नाही की भाड्यानं घेतली नाही, फक्त तिच्या व्यवहारांवर बंधनं घातली. अडीनडीला एकरभर विकायचं म्हटलं तरी परवानगीसाठी खेटे. तिथल्या माणसानं माळढोक कधी पाहिला नव्हता, पण त्याच्यावर राग मात्र धरला. त्या रागाला शेतकरी जबाबदार नाही. दुसऱ्याच्या जमिनीवर फुकटात संवर्धन करू पाहणारं धोरण जबाबदार आहे.

पुढे २०१२ मध्ये हद्द आक्रसून १,२२२ चौरस किलोमीटरवर आली. लोकांना दिलासा मिळाला, मिळायलाच हवा होता. पक्ष्याचं काय झालं? याच अभयारण्यातल्या नान्नजच्या माळावर अलीकडच्या गणनांत एखादाच दिसला, कधी तोही नाही.

माळढोकची मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, कुसळीच्या गवताच्या आडोशानं. तिला जंगल नको, झाडांची रोपवनं तर मुळीच नकोत. तिला मोकळा माळ हवा आणि लगतच ज्वारी-हरभऱ्याची कोरडवाहू रानं हवीत. म्हणजे शेतकऱ्याची जुनी शेती हाच तिचा अधिवास. आता हिशेब पाहा. माळ फोडून द्राक्षं लावली, कालव्याच्या पाण्यावर ऊस केला, की हातात पैसा. तोच माळ गवताखाली ठेवला, ज्वारीच पेरत राहिलं, तर पक्ष्याला जागा मिळते आणि मालकाला छदामही मिळत नाही. उलट काळविटांचे कळप उभ्या पिकात उतरतात ते वेगळंच. पिकाची भरपाई मिळते म्हणतात. पंचनाम्यासाठी कामं सोडून थांबावं लागतं, तो खाडा कोण भरून देणार?

वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीनं समुदाय राखीव क्षेत्राची तरतूद आली. जमीन मालकाचीच राहते, व्यवस्थापनात गाव असतं, आणि जमीनमालक स्वखुशीनं त्यात येतात. तरतूद चांगली आहे, पण कोरड्या स्वखुशीवर पोट भरत नाही. तिला एकरी वार्षिक मोबदल्याची जोड द्या. माळ न फोडणाऱ्याला, पेरणीच्या आधी करार करून, रक्कम थेट खात्यात. ज्वारी करणाऱ्याला भावाची हमी. ज्याला नको त्याच्यावर सक्ती नको.

माळढोकची पिल्लं आज राजस्थानात कृत्रिम प्रजनन केंद्रात वाढवली जात आहेत. उद्या त्यांतली काही सोलापूरकडे सोडायचं ठरलंच, तर ती उतरणार कुठे? उरलेला माळ बहुतेक कोणाच्या तरी मालकीचा आहे. त्या मालकांशी बोलणी आजच सुरू करा, आणि पहिल्या बैठकीलाच दराचा आकडा घेऊन जा.