बीचवर्थ कसे पाहावे : आई-बाबांसाठी सूचना

मुलगा मेलबर्नला आहे, आपण तिकडे राहायला गेलो आहोत आणि शनिवारी सकाळी तो ‘चला, एक जुनं गाव दाखवतो’ म्हणाला, की बीचवर्थ समजावे. गाडीने तीनेक तास लागतात. चिवड्याचा डबा मांडीवरच ठेवावा. डिकीत गेला की गेला.

गाव 1852 साली सोने सापडले म्हणून वसले. आपला सदाशिव पेठेतला वाडा याहून जुना होता, हे उतरल्या उतरल्या सांगू नये. जेवण झाल्यावर सांगावे.

इमारती मधाच्या रंगाच्या ग्रॅनाइटच्या. त्यांतल्या कोर्टात आधी जावे. दरोडेखोर नेड केलीला ऑगस्ट 1880 मध्ये इथे उभे केले होते. खटला पुढे मेलबर्नला गेला, नोव्हेंबरात फाशी झाली. आरोपीच्या पिंजऱ्याजवळ फोटो सक्तीचा आहे. बाबांनी चेहरा पडेल ठेवावा. सोसायटीचे सेक्रेटरीपद भूषवले असल्यास तो आपोआप पडतो. आईने नेडच्या आईची चौकशी करावी. एलन केलीला याच कोर्टात 1878 साली तीन वर्षांची सजा झाली आणि ती तान्ह्या मुलीला घेऊन तुरुंगात गेली. शिक्षा देणारे न्यायमूर्ती रेडमंड बॅरी. नेडला फाशी सुनावणारेही तेच, आणि फाशीनंतर बाराव्या दिवशी ते स्वतःच वारले. इथे आई ‘बघा!’ म्हणेल. बाबांनी वाद घालू नये.

दुकानात नेडच्या लोखंडी शिरस्त्राणाचे मग, टॉवेल, टी-शर्ट मिळतात. बॅरीसाहेबांचा मग मागून दुकानदाराला कोड्यात टाकू नये. किमतीचे रुपये मनात करावेत, मोठ्याने नव्हे.

बेकरीतला मीट पाय प्रसिद्ध आहे. त्यात काय असते ते खाण्यापूर्वी विचारावे. नंतर विचारून उपयोग नसतो.

स्मशानभूमीत चिनी खाणकामगारांचे, कागदी प्रार्थना जाळायचे दोन मनोरे आहेत, 1857 चे. मुलगा ‘तिथे काही नाही’ म्हणेल. हट्ट करून जावे. सोने याही लोकांनी गाळले, पण त्यांचा टी-शर्ट कुणी काढलेला नाही. गाव मुळात कुणाच्या जमिनीवर वसले, हे त्यानंतर विचारावे. गाडीत बराच वेळ शांतता मिळते.

तेवढ्यात मुलगा म्हणेल, ‘पुढच्या शनिवारी बॅलरॅट.’ डोळा लागला आहे असे दाखवावे.