एकमताने, एकट्याने

१५ जानेवारी २०२६ रोजी मुंबईकरांनी मतदान केलं आणि महापालिकेत पुन्हा २२७ नगरसेवक आले. लोकशाही परतली म्हणून पुष्कळांनी पेढे वाटले. आम्ही मात्र थोडे खिन्न आहोत. एक शांत, सुटसुटीत, कमी आवाजाचा कालखंड संपला आणि त्याला साधा निरोपसमारंभसुद्धा मिळाला नाही.

७ मार्च २०२२ ला जुन्या सभागृहाची मुदत संपली. निवडणूक होईना, म्हणून प्रशासक आले. आधी इक्बालसिंह चहल, मग भूषण गगराणी. दोघेही आयुक्त आणि दोघेही प्रशासक. कारभार इतका सोपा झाला की, १८८८ चा महापालिका कायदा लिहिणाऱ्यांनी इतकी कलमं उगाच खर्ची घातली असं वाटावं. आयुक्तांनी प्रस्ताव पाठवायचा. प्रशासकांनी तो स्थायी समिती म्हणून तपासायचा, सभागृह म्हणून मंजूर करायचा आणि पुन्हा आयुक्त म्हणून अमलात आणायचा. सूचक तेच, अनुमोदक तेच, पीठासीन अधिकारी तेच. गणपूर्ती कधी अपुरी पडली नाही. उपसूचना नाही, हरकतीचा मुद्दा नाही, राजदंड पळवणं नाही. सभात्याग तर शक्यच नव्हता, कारण सभासद उठून गेला असता तर सभाही त्याच्याबरोबरच गेली असती.

फेब्रुवारी २०२३ मध्ये तर फार हृद्य सोहळा झाला. १९८४-८५ च्या प्रशासकीय राजवटीनंतर प्रथमच महापालिकेचा अर्थसंकल्प सभागृहाविना सादर झाला. हाताखालच्या अधिकाऱ्यांनी तो वरिष्ठांना दिला, वरिष्ठांनी तो स्वीकारला. ‘माझ्या वॉर्डातल्या गटाराचं काय?’ असा असंस्कृत प्रश्न कोणी विचारला नाही. २०२५-२६ साली अर्थसंकल्पाचा आकडा ७४,४२७ कोटींवर गेला. एवढी रक्कम एका बैठकीत, आवाज न चढवता, चहा निवण्याआधी मार्गी लागते, हे मुंबईने जगाला दाखवून दिलं. याच काळात नव्वद हजार कोटींच्या घरातल्या ठेवी ऐंशी हजारांच्या घरात आल्या. तिजोरी हलकी झाली तर महापालिकेलाच बरं, ओझं कमी होतं.

नगरसेवक नसल्याने शहर अगदीच पोरकं झालं होतं असंही नाही. पालकमंत्री होतेच. जुलै २०२३ मध्ये उपनगर जिल्ह्याचे पालकमंत्री मंगलप्रभात लोढा यांना महापालिका मुख्यालयातच दालन मिळालं. मुलाच्या शाळेतच पालकांनी खोली घेऊन राहावं, एवढी ती माया होती. वॉर्डातल्या कामांचा निधी आमदारांच्या मागणीवरून वाटण्याची पद्धतही निघाली. सत्ताधारी आमदारांच्या मतदारसंघांत पैसे पोचले, विरोधकांचा दरवाजा मात्र सापडेना, असं वृत्तपत्रांनी आकड्यांसह छापलं. त्यात आमदारांचा दोष नाही. पत्ता चुकला की मनीऑर्डरसुद्धा परत जाते.

आता उपनगरांकडे येऊ, कारण या पद्धतीची खरी फळं तिथेच लागली.

अंधेरीचा गोपाळ कृष्ण गोखले पूल घ्या. ३ जुलै २०१८ ला त्याच्या पादचारी मार्गाचा भाग रुळांवर कोसळला आणि दोन जीव गेले. तेव्हा सभागृह होतं, समित्या होत्या, प्रश्न विचारणारे होते. पूल पूर्ण बंद करायला मात्र ७ नोव्हेंबर २०२२ उजाडला. इतका विचार करून बंद केलेला पूल इतिहासात दुसरा नसेल. पावसात अंधेरी सबवेत पाणी भरतं हे सर्वांना ठाऊक होतं, त्यामुळे पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांसाठी पोहण्याचा पर्याय खुला होता. २६ फेब्रुवारी २०२४ ला नव्या पुलाची एक बाजू सुरू झाली आणि लक्षात आलं की, शेजारचा सी. डी. बर्फीवाला उड्डाणपूल खालीच राहिला आहे. रेल्वेच्या नव्या नियमाप्रमाणे गोखले पूल उंच झाला होता, बर्फीवालाला कोणी कळवलंच नव्हतं. मग तज्ज्ञ आले, जॅक आले, आणि बर्फीवाला एका बाजूने १,३९७ मिलिमीटर, दुसऱ्या बाजूने ६५० मिलिमीटर वर उचलण्यात आला. एवढ्या मिलिमीटरपर्यंत अचूक असलेल्या खात्याला दोन पूल एकमेकांना भेटायला हवेत हे आधी दिसलं नाही, याला दूरदृष्टी म्हणतात. जवळचं दिसत नाही. दोन्ही बाजू सुरू व्हायला ११ मे २०२५ उजाडला.

घाटकोपरच्या बाबतीत थट्टा जपूनच करावी लागते. १३ मे २०२४ च्या वादळात छेडानगरच्या पेट्रोल पंपावर जाहिरातफलक कोसळला आणि सतरा माणसं गेली. महापालिकेच्या नियमात फलक जास्तीत जास्त ४० बाय ४० फुटांचा. हा होता १२० बाय १२०. म्हणजे लांबी-रुंदी तिप्पट आणि क्षेत्रफळ नऊपट. तो लपूनछपूनही उभा नव्हता. सर्वात मोठा फलक म्हणून लिम्का बुकात त्याची नोंद होती. द्रुतगती मार्गावरून जाणाऱ्या प्रत्येकाला तो दिसायचा, फक्त परवान्याच्या फाइलीला दिसत नव्हता. कोसळल्यावर कळलं की जमीन लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातली, परवानगी त्यांची, आणि महापालिकेचं म्हणणं की आम्ही दिलीच नव्हती. चौकशीसाठी निवृत्त मुख्य न्यायमूर्ती दिलीप भोसले यांची समिती नेमली गेली. आपल्याकडे समिती कशासाठी असते, याचं हे उत्तर आहे. काम होण्याआधी ती नकोशी वाटते, माणसं गेल्यावर हवीशी वाटते.

पण समितीविना निर्णयाचा मुकुटमणी म्हणजे कबुतरं. जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करण्याचं जाहीर केलं. कबुतरांच्या विष्ठेने फुप्फुसं बिघडतात, असं डॉक्टर कधीपासून सांगत होते. दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री आली, आंदोलकांनी ती फाडली, मामला उच्च न्यायालयात होताच. मग ऑक्टोबरच्या अखेरीस प्रशासनाने तोडगा काढला: सकाळी ७ ते ९ या वेळात चार ठिकाणी दाणे घालता येतील. एक ठिकाण वरळीचा जलाशय. बाकी तिन्ही आमच्याकडे: अंधेरीत लोखंडवालामागचा खारफुटीचा पट्टा, मुलुंड-ऐरोलीचा जुना जकात नाका आणि बोरिवली पश्चिमेचं गोराई मैदान.

म्हणजे कबुतरांचा त्रास दादरला, पुनर्वसन उपनगरात. गिरणगावच्या माणसांचं जे झालं, तेच पक्ष्यांचं झालं. शहराला नको असलेलं शेवटी लोकलने उत्तरेला जातं. १ जुलै २०१७ ला जकात गेली तरी मुलुंडचा नाका उभा होता, आता तिथे कबुतरांची आवक मोजता येईल. नऊ वाजून एक मिनिटाने आलेल्या कबुतराचं काय करायचं, याबद्दल परिपत्रक मूक आहे. परवानगी नसलेल्या ठिकाणी दाणे टाकणाऱ्यांकडून पाचशे रुपये दंड वसूल होतच होता, पण दंडाची पावती वाचू शकणारा तेवढा एकच पक्ष होता.

हसू बाजूला ठेवलं तरी एक साधा प्रश्न राहतो. ही ठिकाणं कोणी निवडली? त्या वॉर्डातला कोणी माणूस खोलीत होता का? मुलुंडला आणि लोखंडवालात लोक संतापले ते नंतर, बातमी वाचून. नगरसेवक असता तर निर्णय कदाचित हाच झाला असता. पण त्या नगरसेवकाला घराखाली उभं करून रहिवाशांनी विचारलं असतं, आणि त्याला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं. प्रशासकांना वॉर्डच नसतो. त्यांच्या घराखाली कोणी जमत नाही.

याचा अर्थ जुन्या समित्या सोवळ्यात बसत होत्या असं कोणी समजू नये. शेकडो कोटींचे प्रस्ताव चर्चेविना मिनिटांत मंजूर करण्याची कला प्रशासकांनी शोधलेली नाही, ती त्यांना वारशात मिळाली. मुलुंडची कचराभूमी २०१८ मध्ये बंद झाली. तिथल्या सत्तर लाख टन कचऱ्यावर प्रक्रिया करून सहा वर्षांत जागा मोकळी करायची होती. समितीच्या काळात काम सुरू झालं, प्रशासकांच्या काळात मुदत उलटली. डोंगराने दोन्ही राजवटींना सारखंच वागवलं. स्थायी समितीत विरोधी सदस्य आधी प्रस्तावावर तुटून पडायचे, प्रस्ताव राखून ठेवला जायचा आणि पुढच्या बैठकीत तेच सदस्य एकदम समजूतदार व्हायचे. मधल्या आठवड्यात त्यांना कोण समजावत असे, हे इतिवृत्तात नसायचं.

फरक एवढाच की तेव्हा इतिवृत्त असायचं. पत्रकार बसलेले असायचे, कोण काय बोललं आणि कोण कधी गप्प झालं हे दुसऱ्या दिवशी छापून यायचं. गप्प बसणाऱ्याचं नाव कळणं ही लोकशाहीतली लहान पण फार उपयोगी सोय आहे. जानेवारी २०२३ मध्ये सुमारे चारशे किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रीटीकरणाची ६,०८० कोटींची कामं वाटली गेली. सुशोभीकरणावर सुमारे १,७०० कोटींचा बेत ठरला, दिव्यांच्या खांबांनी रंगीत झिरमिळ्या ल्यायल्या. बोरिवलीपासून घाटकोपरपर्यंत एकाच वेळी खणलेल्या रस्त्यांवरून त्या उजळलेल्या खांबांखाली ठेचकाळताना, हे कोणी मंजूर केलं असं विचारावंसं वाटे, आणि विचारायला समोर कोणी नसे.

आता समोर २२७ जण आहेत. त्यांच्यासाठी आमची एक ठरावाची सूचना: महापालिकेपुढे येणाऱ्या प्रत्येक प्रस्तावाच्या तळाशी एक रकाना असावा, ‘या खर्चाबद्दल प्रश्न कोणी विचारला?’ त्यात सदस्याचं नाव, वॉर्ड आणि मिळालेलं उत्तर लिहावं. रकाना कोरा असेल तर प्रस्ताव मंजूर समजू नये.

या सूचनेचं पुढे काय होईल, तेही सांगून ठेवतो. ती प्रशासनाच्या अभिप्रायासाठी पाठवली जाईल. अभिप्राय यायला पाच वर्षं लागतील. तोवर पुढची निवडणूक येईल, आणि नव्या सभागृहात आम्ही ती पुन्हा मांडू. निवडणूक झालीच तर.