मचाणकर

वस्तू विकत घेणारा माणूस दुकानात भेटतो आणि ती घरी करणारा घरी. मचाणकर भेटतो रस्त्यात. गोखले रोडला किंवा राममारुती रोडला, एखाद्या चालू बांधकामासमोर, मान वर करून पराचीच्या गाठी बघत. नौपाड्यात हल्ली गल्लीगल्लीत जुनी तीन मजली इमारत पडते आणि टॉवर उठतो, त्यामुळे त्याला करमणुकीची ददात नाही.

मचाणकर हे त्याचं आडनाव नव्हे. ते बारसं आम्ही घंटाळीच्या कट्ट्यावर केलं. खरं आडनाव ब्राह्मण सोसायटीतल्या निम्म्या पाट्यांवर सापडेल. बँकेतून निवृत्त, साखर थोडी वरच्या बाजूला, आणि शर्टाच्या खिशात पेनाशेजारी पाच मीटरचा टेप. असा एक गृहस्थ आपल्याकडे प्रत्येक सोसायटीत असतो. तो कंजूष असतो असा लोकांचा समज आहे, पण तो अन्याय आहे. कंजुषाला खर्चच नको असतो. याची खर्चाची पूर्ण तयारी असते. फक्त तो कुठल्या रकान्यात टाकायचा हे ठरेपर्यंत पैसे मुदत ठेवीत असतात.

रकाने दोनच. डावीकडे 'बांधणे', उजवीकडे 'विकत घेणे'. दोनशे पानी वही आहे आणि तिच्यातलं प्रत्येक पान मधोमध दुमडलेलं आहे. आकाशकंदील घरी करावा की आणावा, यावर त्याने एका दिवाळीत इतका खोल विचार केला की तुळशीचं लग्न लागलं. उकडीच्या मोदकांचं पानही मी पाहिलंय. नारळ, गूळ, तांदळाची पिठी, गॅस, सगळं नगाप्रमाणे मांडलेलं, आणि खाली 'पत्नीचे श्रम, तासाप्रमाणे' असं लिहून पुढची जागा कोरी. तो दर त्याने वहिनींनाच विचारला होता. त्या वर्षी मोदक विकत आले.

मचाणाची गोष्ट मुरबाडपासून सुरू होते. गावाकडच्या सातबाऱ्यावर आजोबांमागे जी चुलत भावंडांची रांग आहे तिच्यात याचंही नाव असल्यामुळे हा कागदोपत्री शेतकरी. या पुण्याईवर त्याने मुरबाड तालुक्यात अर्धा एकर जमीन घेतली. (ती घेताना रकाने मांडले नाहीत, कारण जमीन बांधता येत नाही. आयुष्यातला त्याचा हा एकमेव झटपट निर्णय.) जमिनीला लागून जंगलाची कड, पलीकडे ओढा, आणि एका सकाळी ओढ्याच्या चिखलात पंजा. शेजारचा शेतकरी सहज म्हणाला, "बिबट्या असतो इकडं, जातो येतो." मचाणकर ठाण्याला परतला तो वेगळाच माणूस होऊन. मराठी ग्रंथ संग्रहालयातून, म्हणजे १८९३ सालापासून ठाणेकरांना असली स्वप्नं पुरवणाऱ्या संस्थेतून, त्याने जिम कॉर्बेट आणला, चितमपल्ली आणले, माडगूळकरांचं 'नागझिरा' आणलं, आणि महिन्याभरात जाहीर केलं, "आपल्याला मचाण पाहिजे."

इथे एक खुलासा. त्याला शिकार करायची नव्हती. त्याच्या घरात झुरळसुद्धा वहिनी मारतात. त्याला फक्त वर बसायचं होतं आणि खालून काही तरी जायला हवं होतं. शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा प्रश्न मिटवलेला आहे. तरी कॉर्बेटने रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्यासाठी आंब्याच्या झाडावर बसून खाली घंटा बांधलेली बकरी ठेवली होती, हे वाचल्यावर मचाणकराच्या डोक्यात एक कोंबडी फडफडू लागली. "मारायचं कुठं आहे? नुसती दाखवायची." कट्ट्यावर एक निवृत्त वकील बसतात. त्यांनी सांगितलं की कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत आमिष दाखवणंही येतं. मचाणकराने कोंबडी खोडली. सव्वाशे माणसं खाल्लेला तो बिबट्या कॉर्बेटने १९२६ साली मारला, ही हकिकत वाचून आपल्या अंगावर काटा येतो. याची तक्रार एवढीच होती की मचाण बांधायला मजुरी किती पडली तो आकडा काही सापडत नाही.

मग डावा रकाना भरू लागला.

पहिला विचार सागाचा. पण साग स्वतःच्या जमिनीत उभा असला तरी तो तोडायला परवानगी लागते. १९६४चा वृक्षतोडीचा कायदा आहे. परवानगी या शब्दाने मचाणकर दचकत नाही, उलट खुलतो, पण त्याच्या अर्ध्या एकरात सागच नव्हता. मग बांबू. वनस्पतिशास्त्र ज्याला पहिल्यापासून गवत म्हणतं त्या बांबूला १९२७चा वन कायदा झाड म्हणत होता. २०१७ साली दुरुस्ती झाली आणि बांबू झाडांच्या व्याख्येतून सुटला. ही बातमी मचाणकराने आम्हाला अशा आवाजात सांगितली की घरातलं कुणी तरी जामिनावर सुटलं असावं. त्यानंतर बांबू अंधाऱ्या पंधरवड्यात तोडावा, काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवावा म्हणजे त्यातला गोडवा निघून जातो आणि पोखरकिडा लागत नाही, इथपर्यंत मजल गेली. पराची बांधणाऱ्या एका कारागिराला त्याने चहा पाजून गाठी शिकून घेतल्या. त्या घरच्या कपडे वाळत घालायच्या काठीवर करून पाहिल्या. काठी अजून तशीच बांधलेली आहे, कारण सोडायची गाठ त्या दिवशी शिकायची राहिली.

उंचीची भीती त्याला कुणी दाखवली की तो २०१२ची दहीहंडी काढतो. त्या वर्षी जय जवान पथकाने ठाण्यातच नऊ थर लावून त्रेचाळीस फुटांच्या वर विश्वविक्रम केला होता. "ती तर माणसांची रचना. माझं तर पंधरा फूट, आणि तेही बांबूचं." या विक्रमात स्वतःचा नेमका कोणता थर होता, हे तो सांगत नाही, पण सूर घरच्यासारखा असतो.

उजवा रकाना भरला तो भाच्याने. भाचा टेक्सासला. तिथे हरणाच्या शिकारीला परवाना मिळतो, आणि शिकारी लोखंडी पायांवर उभ्या केलेल्या तयार खोक्यात बसतात. भाच्याने व्हिडिओ पाठवला. फायबरची खोली, सरकत्या काचा, खाली गालिचा, फिरती खुर्ची आणि कॉफीचा पेला ठेवायला भोक. मचाणकराने तो व्हिडिओ कट्ट्यावर सगळ्यांना दाखवला, पण भोकापाशी थांबवून. "याला म्हणतात विचार." जहाजाने आणायचा खर्च काढला तेव्हा त्या पैशांत मुरबाडला आणखी अर्धा एकर आला असता. मग कुणी तरी उल्हासनगर सुचवलं. तिथल्या फर्निचरवाल्याला व्हिडिओ दाखवताच तो म्हणाला, "आठ दिवसांत. लाल पाहिजे का निळा?" मचाणकराला एवढ्या लवकर होकार देणाऱ्या माणसाचा भरवसा वाटत नाही. तो उठून आला.

खरी जखम मात्र डोंबिवलीची. तिथे साडू राहतो. साडू हा माणसाचा असा प्रकार आहे की त्याला वस्तू आवडली की तो ती घेतो. मचाणाचा विषय एका बारशात त्याच्या कानावर पडला आणि आठवड्याच्या आत त्याच्याकडे हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचा घडीचा तंबू आला. पक्षी टिपायला ज्यात बसतात तो, खिडक्यांना जाळ्या असलेला. रविवारी भोपरकडे जाऊन त्यात बसला आणि खंड्याचे फोटो कुटुंबाच्या गटावर टाकले. वहिनींनी त्याला अंगठा दिला. मचाणकर दोन दिवस जेवणात मीठ कमी आहे म्हणत होता. तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, "तो जमिनीवर बसतो. जमिनीवर बसून काय, कुणीही बघेल."

या सगळ्यात त्या मुरबाडच्या शेजाऱ्याने काय करावं? भात पोटरीला आलं आणि रानडुकरं उतरायला लागली तसा त्याने बांधावर माळा उभा केला. चार मेढी, आडव्या काठ्या, वेलीचे बंध, वर पेंढ्याचं छप्पर. दुपारी लागला आणि दिवेलागणीला वर बसून रिकामा पत्र्याचा डबा वाजवत होता. मी मचाणकराबरोबर तेव्हा तिथे होतो. मला वाटलं, वही आता ओढ्यात जाणार. छे! त्याने टेप काढला. मेढीचा घेर, पायऱ्यांतलं अंतर, सगळं उतरवून घेतलं आणि खालूनच विचारलं, "याचं आयुष्य किती?"

"भात कापेपर्यंत."

"आणि मग?"

"मग चुलीत."

मचाणकराने लिहिलं: आयुष्य भात कापेपर्यंत. मोडीची किंमत: सरपण. आणि मान डोलावून मला म्हणाला, "घसारा फार आहे."

त्या शेतकऱ्याने वर यायला बोलावलं होतं. हा गेला नाही. अभ्यास पूर्ण होण्याआधी वर जाणं त्याला घाईचं वाटलं. मला तेव्हा पहिल्यांदा संशय आला, आणि पुढे तो पक्का होत गेला, की या माणसाला मचाणाची गरज नाही. बांधलं तर डावा रकाना बंद होतो, घेतलं तर उजवा. आणि दोन्ही बंद झाले की समोर नुसतं जंगल उरतं. त्यात तो काय मोजणार?

वहिनींनी मात्र या सगळ्या काळात एकच प्रश्न विचारला. "रात्री तीनदा उठावं लागतं यांना. दर वेळी शिडी उतरणार का?" वहीत या प्रश्नाला पान नाही.

मधल्या काळात बिबट्यांनी स्वतःच पुढाकार घेतल्याची आठवण कट्ट्यावर निघे. २० फेब्रुवारी २०१९ला एक बिबट्या आपला आपण समतानगरला आला, कोरम मॉलच्या कॅमेऱ्यात दिसला, आणि शेवटी जवळच्या हॉटेलच्या तळघरात वनखात्याने त्याला बेशुद्ध करून उचलला. नौपाड्यापासून रिक्षाच्या अंतरावर. "म्हणजे मुरबाडला जायची गरजच नाही," वकील म्हणाले, "मॉलच्या पार्किंगमध्ये वरच्या मजल्यावर उभं राहायचं." मचाणकर गंभीरपणे म्हणाला, "पार्किंगला तासाचा दर असतो."

शेवटी तो मचाणावर बसला, आणि मीही बसलो. न बांधता, न घेता. येऊरला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या ठाण्याकडच्या अंगाला, बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर प्रगणना असते. वैशाखात पाणी आटलेलं, चांदणं लख्ख, जनावर पाण्यावर आल्याशिवाय राहत नाही, हा त्यामागचा साधा हिशेब. नेमकी संख्या आता कॅमेऱ्यांवरून काढतात. मचाणावरची रात्र ही आपल्यासारख्यांना जंगल दिसावं म्हणून. सूचना स्पष्ट होत्या: अत्तर नको, भडक कपडे नकोत, बोलणं नको. वहिनींनी संध्याकाळी सहापासून त्याचं पाणी बंद केलं होतं.

चांदणं पडलं. रातवा चक-चक करू लागला. डोंगरापलीकडून घोडबंदर रोडच्या टॉवरांचा उजेड आणि कुठल्या तरी बंगल्यातल्या हळदीचा डीजे, दोन्ही येत होते. मचाणकर माझ्याकडे पाठ करून तळफळीच्या सांध्यावर बोटं फिरवत होता. मध्यरात्र उलटून गेल्यावर डावीकडच्या करवंदीच्या जाळीतून काही तरी निघालं. बिबट्या. मोठा नसेल. पाण्यापाशी आला, मागे बघितलं, वाकला, आणि त्याच्या जिभेचा आवाज आम्हाला वर ऐकू आला. माझा श्वास अडकला. मी मचाणकराचा दंड धरला. त्याने पाहिलं. नीट, बराच वेळ पाहिलं. डोळे ओले होते असं मला अजून वाटतं. मग कानाशी तोंड आणून कुजबुजला, "दहा फूट तर हा सहज चढेल. पंधराच पाहिजे."

पहाटे तक्ता भरून द्यायचा होता. वेळ, प्राणी, संख्या, नर की मादी, शेरा. मचाणकराच्या अक्षरात एक बिबट्या, दोन रानडुकरं, एक सांबर, सगळं वेळेसकट होतं. शेऱ्याची जागा पुरली नाही म्हणून तो पाठीमागे गेला होता: पायऱ्यांतलं अंतर चौदा इंच, दहा असावं. कठडा कमरेच्या खाली. उजव्या मागच्या खांबाला हादरा. वनरक्षकाने कागद उलटसुलट वाचला. झोपेने त्याचे डोळे लाल झाले होते.

"साहेब, बिबट्या दिसला ना?"

"दिसला. मला एक सांगा, हे तुम्ही इथे बांधलंत का तयार आणलंत?"

वनरक्षकाने जांभई दिली. "मला नाय माहीत, साहेब. टेंडरमधून आलंय."

मचाणकर थबकला. सावकाश खिशातून वही काढली, मधोमध दुमडलेलं पान उघडलं, आणि तिसरा रकाना पाडायला पट्टी आहे का म्हणून वनरक्षकालाच विचारलं.