सोनेरी भाले

मुंबईकर चाकरमान्याला गावच्या घराचा उमाळा आला की तो घर दुरुस्त करत नाही, कंपाउंड घालतो. मागच्या पडवीची कौलं गेलेली असतात, वाशांना वाळवी असते, न्हाणीची भिंत पोट काढून उभी असते. रस्त्यावरून मात्र दिसते चिऱ्याची कोरी भिंत, मधोमध दोन दारांचं लोखंडी गेट आणि गेटावर सोनेरी रंगाचे भाले.

भाले कोणासाठी?

घर वर्षातले साडेअकरा महिने बंद. आतला ऐवज म्हणजे दोन हंडे, गणपतीचा पाट आणि हार सुकलेला आजोबांचा फोटो. वाडीत उरलेली माणसं साठीपलीकडची. यांच्यापैकी कोणाला दरोडा घालायचाच असेल, तर आधी गुडघ्यांचं ऑपरेशन करून घ्यावं लागेल. राहता राहिले वानर. त्यांना भाल्यांची भीती नाही, उलट सोय झाली. पूर्वी भिंतीवरून उतरताना धरायला काही नव्हतं.

पण भाल्यांवाचून चालत नाही, कारण ते मोजता येतात. गेट किलोवर, भाले नगावर, असा फॅब्रिकेशनवाल्याचा हिशेब. थोरल्याने पंधरा लावले की धाकटा एकवीस लावतो. जमीन सामाईक, सातबाऱ्यावर नावांची रांग. तरी प्रत्येकाला आपलं वेगळं गेट हवं, म्हणजे एकाच अंगणात शिरायला तीन गेटं आणि चुलत्यांच्या तीन फौजा एकमेकांकडे बघत भाले उभारून. उद्या वाटणीत मुलं भांडतील ती आंब्याच्या कलमांवरून नव्हे, भाल्यांवरून. बरं, सोनेरी रंगाला कोकणातला पाऊस काही सोनं समजत नाही. मे महिन्यात झळाळणारे भाले नवरात्रापर्यंत तांबेरलेले असतात, म्हणजे खंडेनवमीला शस्त्रपूजेसाठी ऐतिहासिक हत्यारं घरच्या घरी तयार. पूजेला मालक मात्र नाही. तो डोंबिवलीत, मोबाइलवर सीसीटीव्हीतून आपल्या गेटावर बसलेला वानर बघतोय.

याआधी इथे काय होतं? दगडाचा गडगा, त्याला लागून अडुळसा-निरगुडीची वई, आणि बेडं. भोकं पाडलेले दोन खांब, त्यांतून आडवे सरकवलेले बांबू. गुराला ते उघडता येत नसे, माणसाला येत असे. एवढीच अक्कल कुंपणाला पुरते. निरगुडीचा पाला सांधेदुखीला, अडुळसा खोकल्याला. भाला उगाळून कशाला लावतात ते अजून कोणी सांगितलेलं नाही.

गडगा चुन्या-सिमेंटाविना रचलेला असतो तो गरिबीमुळे नव्हे. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. उतारावरून आलेलं पाणी दगडांच्या फटींतून निघून जायचं. आता सिमेंटने सांधे भरले आणि भिंतीला पाणी जायला एक भोक ठेवलं नाही. म्हणजे हे कंपाउंड नाही, बंधारा आहे. दोन-चार पावसाळे तो पाणी अडवतो आणि मग आडवा होतो. पडतो खालच्या अंगात, म्हणजे शेजाऱ्याच्या गोठ्यावर. भाल्यांना पैसे होते, दोन इंची पाइपाच्या चार तुकड्यांना नव्हते!

आणि ती वाट. गडग्याला लागून विहिरीकडे जाणारी, पिढ्यान्‌पिढ्या वहिवाटीची. नवी भिंत हातभर बाहेर सरकली आणि वाट आत गेली. कायदा आहे, मामलेदार कोर्ट कायदा, 1906 चा. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा केला तर तहसीलदार वाट मोकळी करून देऊ शकतो. मुंबईकर मे महिन्यात भिंत घालतो, कुलूप लावतो आणि निघतो. शेजारची काकी डोक्यावर कळशी घेऊन लांबच्या वळशाने जाते आणि म्हणते, गणपतीत येईल तेव्हा बोलू. गणपतीत तो आला की सणाच्या दिवशी वाद नको म्हणून गप्प बसते. दिवाळी होते, मुदत संपते. हा बेशरमपणा आहे, आणि तो अशा बाईशी, जी इतकी वर्षं याच्या बंद घरात तिन्हीसांजेला दिवा लावत आलीय. चोर तिच्या जाग्या डोळ्यांना घाबरत होता रे, तुझ्या भाल्यांना नाही!

परवा तिला फोन आला. "काकी, आम्ही चतुर्थीच्या आदल्या दिवशी येतोय. घर जरा झाडून ठेवाल?"

"ठेवते हो. गेटाची चावी?"

"ती इकडेच राहिली. भिंतीवरून कोणाला तरी आत उतरवता येईल का बघा ना."

"बघते," काकी म्हणाली. "वानरांना विचारते."